न उघडलेल्या तीन बाटल्या

१

शुक्रवारी सकाळी उर्वशी नागपूरहून परतली ती खांद्यावरची बॅगही न उतरवता थेट महाविद्यालयाच्या ग्रोथ रूमकडे, रोपं वाढवायच्या बंद खोलीकडे गेली. चपला दाराबाहेर काढल्या, दार ढकललं आणि आपल्या रॅकसमोर उभी राहिली. ती ओरडली नाही, रडलीही नाही. नुसती खाली फरशीवर बसली.

रॅकवर बावीस बाटल्या होत्या. त्यांतल्या एकोणीस बाटल्यांत बुरशी माजली होती, कुठे कापसासारखी पांढरी, कुठे काळी ठिपक्याठिपक्यांची. तिच्याखाली नखाएवढी हिरवी पानं पिवळी पडून चिकटून बसली होती.

यवतमाळच्या त्या महाविद्यालयात जैवतंत्रज्ञान शिकवतात. उर्वशी तिथे एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिचं काम सांगायला सोपं आणि करायला फार अवघड. काचेच्या बाटलीत साखर आणि क्षार घालून घट्ट केलेली जेली असते. तिच्यावर झाडाचा एक डोळा, म्हणजे फांदीवरची कोवळी कळी, ठेवायचा. आत एकही जंतू नसेल तर त्याला पालवी फुटते. पण बाहेरच्या हवेत झाकण एकदा जरी उघडलं, तरी त्या साखरेवर आधी बुरशी जेवायला बसते आणि झाड उपाशी मरतं.

आणि हे झाड साधं नव्हतं. १९५६ साली उर्वशीचे आजोबा धर्मपाल दहा वर्षांचे होते. वडिलांचं बोट धरून ते नागपूरला दीक्षेला गेले होते. परतताना वर्धा स्टेशनाच्या भिंतीच्या फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप वडिलांनी अलगद उपटलं, ओल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलं आणि पोराच्या हातात दिलं. बोरी अरबच्या वस्तीत ते रोप धर्मपालने लावलं. यंदा जानेवारीत रस्ता रुंद झाला आणि तो पिंपळ तोडला गेला. गावकऱ्यांनी त्याच्या फांद्या पाच ठिकाणी लावल्या होत्या. उन्हाळ्याने सगळ्या वाळवल्या. उरलं होतं ते या बावीस बाटल्यांत.

पुढच्या गुरुवारी नागपूरच्या संशोधन संस्थेत उर्वशीची अंतिम मुलाखत होती. तिथे जिवंत रोपं दाखवायची होती. तिच्याच तयारीसाठी उर्वशी सोमवारपासून नागपूरला गेली होती.

प्राचार्यांनी दुपारपर्यंत निकाल लावून टाकला होता. ग्रोथ रूमची किल्ली एकाच माणसाकडे असे, देवीलाल राठोड या कंत्राटी मदतनिसाकडे.

"सोमवारी सकाळी त्याला काढतो आणि पोलिसांत तक्रार देतो," ते फोनवर म्हणाले. "सदाशिवराव, तुम्ही महाविद्यालयाच्या समितीवर आहात. तोवर दुसरं कोणी सापडत असेल तर पाहा."

२

सदाशिवरावांनी तीस वर्षं बोरी अरबच्या शाळेत विज्ञान शिकवलं होतं. उन्हाळ्यात आठवीचा वर्ग ते त्याच पिंपळाखाली घेत. पानाच्या टोकाची लांब शेपटी बोटाने दाखवून विचारत, "ही कशाला दिली असेल रे झाडाला?" कोणी म्हणे शोभेला, कोणी म्हणे वारा घालायला. उर्वशी नावाची एक बारकी मुलगी तीन दिवस गप्प राहिली आणि चौथ्या दिवशी पाऊस पडल्यावर पळत येऊन म्हणाली, "सर, पाणी निथळायले!"

ग्रोथ रूममध्ये विभागाच्या निकिता मॅडम त्यांची वाट पाहत होत्या.

"एकही बाटली फेकली नाही ना?"

"नाही सर. तुमचा निरोप होता म्हणून."

त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक बाटली उजेडात धरून पाहिली. घाई केली नाही. बुरशी आलेल्या प्रत्येक बाटलीत जेलीवर चमचाभर पाणी साचलं होतं.

"हे पाणी तुमचं?"

"नाही. आम्ही वरून पाणी कधीच घालत नाही."

झाकणं मात्र पुन्हा घट्ट लावलेली होती. भोवतालची प्लॅस्टिकची पट्टीदेखील परत गुंडाळलेली होती, सुरकुती न पडू देता. शेजारच्या रॅकवर केळीच्या दोनशे बाटल्या होत्या. त्यांना कोणी बोटही लावलं नव्हतं.

"किती दिवसांची बुरशी ही?"

"चार दिवसांची असेल. सोमवारी कोणीतरी उघडल्या असणार. पण सोमवारी सुट्टी होती सर. रजिस्टरमध्ये कोणाची सही नाही."

रॅकच्या कडेला पांढरा, वाटाण्याएवढा एक थेंब घट्ट झालेला होता. सदाशिवरावांनी नखाने खरवडला. मेण.

"मेण तर लॅबमध्ये असतंच," मॅडम म्हणाल्या. "पेशींचे काप घेताना लागतं."

"या खोलीत?"

"नाही. ते पलीकडच्या कपाटात." त्या थोड्या अडखळल्या.

मग सदाशिवरावांनी उरलेल्या तीन बाटल्या हातात घेतल्या. स्वच्छ होत्या. पट्टी सुटलेली नव्हती, आत पाणी नव्हतं. इतर बाटल्यांसारखंच त्यांच्या चिठ्ठीवरही इंग्रजी अक्षरं आणि आकडा होता.

"यात पालवी दिसत नाही."

"यांना अजून पान आलेलं नाही सर. नुसता हिरवा गोळा आहे. झाड तेच, फक्त मागे राहिलेलं."

सदाशिवराव त्या तीन बाटल्यांकडे बराच वेळ पाहत राहिले. वैर धरून आलेला माणूस यांनाच का सोडून गेला असेल?

३

रोशन सिंकपाशी बाटल्या घासत होता. तो उर्वशीचा वर्गमित्र. नागपूरच्या त्या एका जागेसाठी दोघांचीही नावं यादीत होती.

"या सर. आरोपी नंबर एक हजर हाय."

"कोणी म्हटलं तुला आरोपी?"

"अजून कोणी म्हटलं नाही. पण जागा एक आन् आम्ही दोघं. सिनेमात असंच असते."

"मंगळवारपासून तू इथेच होतास. तिच्या रॅककडे एकदाही पाहिलं नाहीस?"

रोशनचा हात थांबला. "दुसऱ्याच्या रॅककडे जायचं नाही, हा मॅडमचा पहिला नियम हाय. मी माह्या केळीतच होतो. पाहिलं असतं त बरं झालं असतं सर. बुधवारी दिसलं असतं त एकदोन वाचवता आल्या असत्या."

नळ तसाच वाहत होता. सदाशिवरावांनीच तो बंद केला.

"आन् एक सांगू काय? मले तिच्या बाटल्या खराब करायच्या असत्या त नुसतं झाकण उघडून शिंकलो असतो. काम झालं असतं. पाणी कायले टाकू? पाणी टाकणाऱ्याले हे शास्त्र माहीतच नाही."

"मलाही तसंच वाटतंय."

रोशनने ओले हात पँटला पुसले आणि मोबाइल पुढे केला. जालन्याच्या एका बियाणे कंपनीचं पत्र होतं, तिथल्या प्रयोगशाळेतल्या नोकरीचं. तारीख पंधरा दिवसांपूर्वीची. "मी त कधीचाच हटलो सर. घरी बाबा म्हणते, पाच वर्षं शिकून बाटल्याच घासतं काय रे. आता तिकडं पगार घेऊन घासीन."

"उर्वशीला माहीत आहे?"

"नाही. आन् सांगू बी नका. जागा मोकळी केली म्हणून भांडन माह्यासंगं. मोठी मानी हाय ती." मग आवाज उतरला. "सर, देवीलालभाऊनं काही केलं नाही. तो केळीच्या रोपाले बी 'बेटा' म्हणते."

४

देवीलाल जिन्याखाली बसला होता. समोर किल्ल्यांचा जुडगा ठेवला होता, कोणीतरी परत मागायला येईल अशा बेताने.

"सोमवारी तू आला होतास?"

"सुट्टीच्या दिवशी एसी पाहायले याच लागते सर. बंद पडला त सगळं मरते."

"तुझ्याबरोबर कोण आत गेलं?"

देवीलालने जुडगा त्यांच्याकडे सरकवला.

"सोमवारी सकाळी तुझी नोकरी जाईल. तुला दोन मुली आहेत ना?"

"हो."

"मग बोल."

"सर, याडीची आण, मी हात नाही लावला बाटल्यायले." याडी म्हणजे आई, शपथ घेताना तो त्याच्या तांड्यातल्या बोलीत गेला. "बाकीचं नका विचारू. साहेब पोलीस म्हणून राह्यले. मी तरणा हाय, कुठंबी दगड फोडीन. सगळ्याच वयात पोलीस झेपत नाही."

मग आपण काय बोलून गेलो ते त्याला कळलं आणि तो घाईने किल्ल्या मोजू लागला.

सदाशिवराव उठताना त्यांची नजर कोपऱ्यातल्या माठाकडे गेली. माठावर पितळेचा तांब्या ठेवला होता, आणि त्यात एक लहान चमचा अडकला होता.

"हा चमचा कशाला तांब्यात?"

"राहू दिला सर," देवीलाल म्हणाला. "तसाच राहू दिला."

५

शनिवारी सकाळी सदाशिवरावांच्या दारात उर्वशी उभी होती. आदल्या संध्याकाळी ती बोरी अरबला घरी जाऊन आली होती. डोळे सुजलेले होते. तिने एक कागद पुढे केला.

"सर, हे प्राचार्यांना द्या. बाटल्या मीच उघडल्या. सोमवारी नागपूरला जायच्या आधी. देवीलालभाऊंचा काही दोष नाही."

सदाशिवरावांनी कागद वाचला, घडी घातली आणि परत तिच्या हातात दिला.

"का उघडल्यास?"

"पाणी कमी वाटलं."

"आणि तीन बाटल्यांना का दिलं नाहीस?"

तिने कागद पुन्हा पुढे केला.

"चिठ्ठ्या तू स्वतः लिहिल्यास. त्या तिघी तुझ्याच झाडाच्या आहेत हे तुला झोपेतही कळेल. कोणी राग धरून आला असता तरी चिठ्ठ्या वाचून बाविसच्या बावीस नासवल्या असत्या. मग या तीन कोणी सोडल्या?"

उर्वशी खाली बसली. ते वर्गात बोलत तसेच, सावकाश बोलत राहिले.

"ज्याला इंग्रजी चिठ्ठी वाचता येत नाही त्याने. त्याने झाड पानांवरून ओळखलं. जिथे पान दिसलं तिथे पाणी घातलं. जिथे पान नव्हतं ते परकं समजून बाजूला ठेवलं. झाकणं जपून लावली, कारण त्याला काही बिघडवायचं नव्हतं. रॅकच्या कडेला मेणबत्ती लावली. सोमवारी कोणती सुट्टी होती, उर्वशी?"

"बुद्धपौर्णिमा."

"पौर्णिमेला सकाळी त्या पिंपळाला पहिलं पाणी कोण घालायचं, ते मी तीस वर्षं पाहिलंय. धर्मपालजींनी तुला काल काय सांगितलं?"

शुक्रवारपासून आवरून धरलेलं काहीतरी तिच्या खांद्यांतून निघून गेलं.

"मी काल घरी सांगायलेच गेलती सर. का सगळं संपलं म्हणून. मी तोंड उघडायच्या आधी आबाजी म्हणाले, 'तुह्या लेकरायले पाणी देऊन आलो माय.' एवढे खुश होते. मंग मी काय बोलू?" तिने पदर नसल्यामुळे ओढणीच डोळ्यांना लावली. "चूक माहीच हाय. दरवर्षी पौर्णिमेले घरी असते मी. यंदा मुलाखतीपायी गेली नाही. फोनवर म्हटलं, आबाजी, झाड तिथं नाही आता, झाड इथं हाय माह्याजवळ. त्याहीनं ते खरं मानलं."

"खरंच होतं ते."

"सर, माझं नाव जाऊ द्या ना पुढे. देवीलालभाऊ बी वाचन, आबाजीले बी कळणार नाही."

"तुझ्या नोंदवहीत काय लिहिशील?"

सदाशिवरावांनी काठी घेतली.

"चल. बोरी अरबवरून जाणारी दारव्ह्याची बस किती वाजता आहे?"

६

पिंपळ जिथे होता तिथे आता डांबर होतं. त्याच्या समोरच्या घराच्या पत्र्यावर ऊन सरळ पडत होतं. इतकी वर्षं ते तिथवर पोचलंच नव्हतं. धर्मपाल आत खाटेवर पडून होते. कपाळावर ओलं फडकं होतं.

"जयभीम गुरुजी! लय दिवसानं." ते उठू लागले. सदाशिवरावांनी त्यांना खांद्याला धरून परत निजवलं.

"काय झालं?"

"काही नाही. यवतमाळले गेलतो, ऊन लागलं. उर्वे, पाणी आण गुरुजीले."

"कशाला गेला होतात एवढ्या उन्हात?"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "आता असं पाहा. पोरगी म्हणे झाड यवतमाळले हाय. मंग पौर्णिमा कुठं करायची? म्हटलं, झाड जिथं हाय तिथं जाव. एसटीनं गेलो. हे नागपूरले निघून गेलती. तिथं देवीलाल म्हणून भला माणूस भेटला. त्याले म्हटलं, भाऊ, दहा मिनटं बसू दे झाडापाशी. तो म्हणे काकाजी, हात नका लावजा. मंग मले तांब्याभर पाणी प्यायले देल्लं आन् मशीन पाहायले गेला."

"आणि तुम्ही?"

"लहान लहान पानं हो गुरुजी! नखाएवढे. पण टोकाले तेच शेपूट. मले हसूच आलं. म्हटलं, लेका, काचात लपून बसला काय?" ते हसले आणि खोकले. "आत पाहतो त पाण्याचा थेंब नाही. मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं आन् घरून नेलेल्या चमच्यानं चमचा चमचा देल्लं सगळ्यायले. जशीच्या तशी झाकणं लावली."

"तांब्यातलं तुम्ही स्वतः किती प्यालात?"

"मी कायले? आधी झाडाले."

उर्वशीने हातातला पेला आधी आजोबांसमोर धरला.

"तीन बाटल्यांना नाही दिलं तुम्ही," सदाशिवराव म्हणाले.

"त्या? त्यात पान नव्हतं. हिरवा गोळा होता. मले वाटलं दुसऱ्या कोणाचं काही असंल."

"ते बी आपलंच झाड होतं आबाजी," उर्वशी म्हणाली.

धर्मपालांच्या चेहऱ्यावर खरी काळजी आली. "म्हणजे त्या तिघायले राहूनच गेलं? तहानलेले राह्यले ते? उद्या जाशील त देजो माय दोन दोन चमचे."

उर्वशीने सदाशिवरावांकडे पाहिलं. आठवीतल्या त्या तीन दिवसांसारखेच ते आताही थांबले. त्यांनी तिच्या वतीने काही म्हटलं नाही.

मग ती खाटेच्या कडेला बसली, आजोबांचा हात हातात घेतला आणि सांगू लागली. जंतू म्हणजे काय, साखर कशाला असते, काचेच्या आत आईच्या पोटासारखं कसं जपावं लागतं. शेवटचं वाक्य, एकोणीस बाटल्या गेल्याचं, तिने फार हळू सांगितलं.

रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि पत्रा थरथरला.

"म्हणजे मीच," धर्मपाल म्हणाले.

"तुम्हाले माहीत नव्हतं आबाजी."

"नव्हतं माहीत. पण केलं मीच." त्यांनी छताकडे पाहिलं. "लावलं बी मी. आन् तो देवीलाल?"

"परवा काढणार त्याले. तो तुमचं नाव सांगून नाही राह्यला."

"काहून? माहं कोण लागते तो?" ते कोपरावर उठले. "कागद दे. पेन दे. चौथी शिकलेला हाय मी."

त्यांनी चार ओळी लिहिल्या. अक्षर कापरं होतं, पण प्रत्येक शब्दावर रेघ सरळ ओढलेली होती. खाली सही केली. कागद देताना विचारलं, "त्या तिघायमंधी झाड हाय ना?"

"हाय. पण पान यायले वर्ष लागंल, आबाजी."

"वर्ष." त्यांनी मनातल्या मनात काहीतरी मोजलं. "बरं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

७

सोमवारी प्राचार्यांनी तो कागद दोनदा वाचला. पोलिसांचा विषय पुन्हा निघाला नाही. देवीलालला ताकीद मिळाली आणि किल्ल्यांचा जुडगा परत मिळाला. तांब्यातला चमचा त्याने काढून उर्वशीच्या हातात दिला.

गुरुवारी उर्वशी तीन हिरवे गोळे आणि नोंदवही घेऊन मुलाखतीला गेली. तिची निवड झाली नाही. नोंदवहीत त्या पानावर 'कारण' या रकान्यात तिने लिहिलं होतं: 'पाणी. घालणारे धर्मपाल. मूळ झाड लावणारेही तेच.' ते खोडून साधं 'जंतुसंसर्ग' लिहावं असं निकिता मॅडमनी सुचवलं. तिने खोडलं नाही. मॅडमनी मग तिला विभागातच मानधनावर ठेवून घेतलं. जालन्याहून रोशनचा फोन येई, "काय म्हणते तुहं पिंपळाचं पिठलं, फुटलं काय?" ती म्हणे, "तू केळी सांभाळ."

धर्मपाल पोळ्याच्या आठ दिवस आधी गेले. ते ऊन त्यांच्या अंगातून शेवटपर्यंत उतरलं नाही.

हिवाळ्यात एक गोळा काळा पडला. दुसरा तसाच राहिला. तिसऱ्यातून पुढच्या वर्षी पौर्णिमेच्या आठवड्यात एक कोंब वर आला, आणि त्यावर तांदळाएवढं पान उघडलं. उर्वशीने भिंग लावून पाहिलं आणि सदाशिवरावांना बोलावून घेतलं. त्यांनी चष्मा पुसून वाकून पाहिलं. टोकाला शेपटी होती.

"आबाजींनी चटकन ओळखलं असतं," ती म्हणाली.

पौर्णिमेच्या सकाळी उर्वशी, सदाशिवराव आणि देवीलाल ग्रोथ रूममध्ये उभे राहिले. बाटलीला कोणी हात लावला नाही. बाहेर आले तेव्हा देवीलालने दार ओढून घेतलं, दोनदा ढकलून पाहिलं. मग जिन्याखालून तो पितळेचा तांब्या भरून आणला, आणि बंद दाराच्या या बाजूला, उंबऱ्यापाशी ठेवला.